सासूबाईंनी भजनाला जाणे का सोडले, ते मला कळले आहे. आता त्यांच्याशी बोलू कसे?

वाईची सून:

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत आणि आम्ही वाईजवळच्या एका गावात, जुन्या घरात एकत्र राहतो. गेली २३ वर्षे मी त्यांना आई म्हणत आले आहे. माझी दोन्ही बाळंतपणे त्यांनी केली. माझ्या वडिलांच्या आजारपणात मला महिनाभर माहेरी राहता यावे म्हणून त्यांनी एकटीने हे घर ओढले. आम्हा दोघींत बोलता येणार नाही असा विषयच नाही, असे मला परवापरवापर्यंत वाटत होते.

गेल्या वर्षभरात त्यांनी एकेक गोष्ट सोडली. आधी गुरुवारच्या भजनाला जाणे बंद झाले. गुडघे दुखतात असे कारण त्यांनी दिले, आणि ते खरेही असल्यामुळे मी अधिक विचारले नाही. मग कोल्हापूरच्या भाच्याच्या लग्नाला त्या आल्या नाहीत. गाडी लागते म्हणाल्या, पण त्यांना गाडी लागलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. राज्यातील ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. त्या वयाला पोहोचल्यावर आळंदी, गोंदवले, नरसोबाची वाडी असा बेत त्यांनी बोटांवर मोजून सांगितला होता. त्यांपैकी गोंदवले तेवढे झाले. दुपारी चारनंतर त्या पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळचा चहाही नको म्हणतात. सर्वांत नवल वाटले ते देवपूजेचे. ५० वर्षे ज्या देवघरात त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, ते त्यांनी एका सकाळी माझ्यावर सोपवले. "आता तू करत जा, माझे हात थरथरतात," एवढेच म्हणाल्या. त्याच हातांनी त्या आजही सुईत दोरा ओवतात.

कारण मला दोन आठवड्यांपूर्वी कळले. गोधड्या उन्हात टाकण्यासाठी मी त्यांची जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी त्यांच्याच लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्या घड्या करून ठेवलेल्या होत्या. त्या धुतलेल्या होत्या, पण पुरत्या वाळलेल्या नव्हत्या. पहाटे चारला उठून त्या मोरीत काय धूत असतात, त्याचा उलगडा तेव्हा झाला. मी ट्रंक होती तशी बंद केली.

यजमानांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की वय झाले की असे होणारच, तू विषय काढू नकोस, तिला मेल्याहून मेल्यासारखे होईल. त्यांचे म्हणणे मला पुरते चूक वाटत नाही. पण एक बाई आपल्याच घरात वर्षभर चोरासारखी वावरते आहे, आणि हे ठाऊक असूनही मी ठाऊक नसल्यासारखे वागायचे, हेही मला जमत नाही. लघवीवर ताबा न राहणे हे खरोखर वयाचेच आहे, की त्यावर उपचार आहे? आणि बोलायचे झाले तर सुरुवात कुठून करावी?

सांगलीची निवृत्त शिक्षिका:

ताई, मी ७१ वर्षांची आहे आणि आपण सासूबाईंविषयी जे लिहिले आहे ते मी गेली नऊ वर्षे जगते आहे. म्हणून उपचारांचे जाणकारांवर सोडून त्यांच्या मनात काय चालले असेल तेवढेच लिहिते.

मला खोकताना, शिंकताना, जड उचलताना आणि हसताना थोडी लघवी होते. खोकणे-शिंकणे माणसाच्या हाती नसते, हसणे मात्र टाळता येते, म्हणून मी ते टाळले. शाळेतल्या आम्ही सहा मैत्रिणी दर महिन्याला एकीच्या घरी जमत असू. तिथे कुणी जुनी गंमत सांगू लागले की मी पाय आवळून, ओठ मिटून बसत असे, आणि बाई निवृत्त झाल्यापासून फार गंभीर झाल्या असे त्यांना वाटे. पुढे मी जाणेच सोडले. नातू दोन वर्षांचा होता तेव्हा हात वर करून 'उचल' म्हणायचा आणि मी कंबर दुखते असे सांगून त्याला खालीच बसवायची. त्याला ते आता आठवत नाही. मला आठवते.

ओले झालेले लुगडे बदलता येते, पण डोक्यात दिवसभर चालणारा हिशेब थांबवता येत नाही. कार्यक्रम किती वेळाचा आहे, दाराजवळची खुर्ची मिळेल का, यजमानीणबाईंना बाथरूम विचारायचे तर चारचौघांत कसे विचारायचे, गडद रंगाचे पातळ धुतलेले आहे का, आपण उठल्यावर बैठकीवर डाग तर दिसणार नाही ना, आणि आपल्याला न जाणवणारा वास इतरांना येतो आहे का? हा शेवटचा प्रश्न माणसाला आतून पोखरतो, कारण त्याचे उत्तर कुणाला विचारता येत नाही. समोरचा माणूस सहज नाकाला हात लावतो, आणि आपण मनाने त्या खोलीतून केव्हाच उठून गेलेले असतो.

देवपूजेविषयी आपण लिहिले आहे तिथे मला थांबावे लागले. आमच्या पिढीच्या बायकांच्या मनात सोवळे-ओवळे फार खोल बसलेले आहे. पाळी गेली की देवघर आता कायमचे आपले झाले, या विचाराने केवढे मोकळे वाटते. आणि मग साठी-सत्तरीत हा ओलेपणा येतो. पुन्हा देवापासून दूर बसावे लागते, आणि या वेळी चार दिवसांनी न्हाऊन सुटका होत नाही. सासूबाईंनी पूजा आपल्या हाती दिली ती किती विचार करून, कितीदा रडून दिली असेल, याची मला कल्पना आहे.

तेव्हा माझ्या मते बोलावे, पण सावकाश बोलावे. दोघीच असताना, दोघींच्या हातांत काही काम असताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. ट्रंक उघडल्याचे सांगू नये. ती त्यांची शेवटची आडोशाची जागा आहे. आपल्याला स्वतःला बाळंतपणानंतर कधी खोकताना असे झाले असेल तर तिथून सुरुवात करावी, झाले नसेल तर खोटे सांगू नये. आणि 'लहान मुलासारखे' हे शब्द घरात कुणाच्याही तोंडून निघू देऊ नयेत. माझ्या मुलीने ते मायेने म्हटले होते, तरी त्यानंतर मी तिच्यापाशी हा विषय दोन वर्षे काढला नाही.

नाशिकची भौतिकोपचारतज्ज्ञ:

मी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर उपचार करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आजी कंबर किंवा गुडघे दुखतात म्हणून येतात, तपासणी होऊन निघतात, आणि दाराच्या कडीला हात घातल्यावर मागे वळून हळूच विचारतात, "आणखी एक होते, सांगू का?" त्या 'आणखी एक'साठीच त्या आलेल्या असतात, म्हणून आता मी स्वतःच आधी विचारते.

'वय झाले की असे होणारच' हे वाक्य मला मनापासून खोडून काढायचे आहे. वयाबरोबर ही तक्रार वाढते हे खरे, पण तिला प्रत्येक वेळी काही ना काही कारण असते आणि त्यांतली बरीच कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात. शिक्षिका बाईंनी वर्णिलेला प्रकार पोटावर ताण आल्यावर गळण्याचा आहे. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांना खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यानंतरच्या बदलांनी सैल पडतात, म्हणून तो होतो. दुसरा प्रकार घाईचा असतो. अचानक कळ येते आणि मोरीपर्यंत पोहोचेपर्यंत धीर निघत नाही, कारण मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. पुष्कळ वयस्क स्त्रियांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या किंवा पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अडली, तर मूत्राशय कधी पूर्ण रिकामेच होत नाही आणि भरलेल्या घागरीसारखे वरून थेंब थेंब वाहत राहते. बाहेरून सगळे सारखेच दिसते, पण उपचार निरनिराळे आहेत. म्हणूनच आधी पॅड आणून ठेवण्याची घाई करू नये, आधी डॉक्टरांकडे जावे. लघवीची तपासणी, रक्तातील साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीने पाहणे, एवढ्यावर बरेच उमगते. अंग बाहेर येण्याची तक्रार असेल तर तीही त्याच वेळी सांगावी. शस्त्रक्रिया नको असेल तर आत बसवायच्या रिंगनेही आधार देता येतो. लघवीतून रक्त जात असेल, ताप आणि जळजळ असेल, लघवी अजिबात होत नसून ओटीपोट फुगले असेल, किंवा पायांतली शक्ती अचानक गेली असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर उठावे लागते, आणि डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेण्यानेच फरक पडलेला मी पाहिला आहे. मधुमेहावरच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनीही लघवी वाढते. उलट घाईची लघवी आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या जुन्या औषधांपैकी काहींनी वृद्धांना बद्धकोष्ठ होते, तोंड कोरडे पडते आणि क्वचित गोंधळल्यासारखेही होते, तेव्हा वय आणि विसरभोळेपणा डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

चारनंतर पाणी बंद करण्याची युक्ती जवळजवळ प्रत्येक आजी स्वतःच शोधून काढते, आणि ती त्यांच्यावरच उलटते. पाणी कमी झाले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते, शौचाला खडा होतो आणि आतड्यातला तो खडा मूत्राशयावर दाबतो. दिवसभरात पुरेसे पाणी थोडे थोडे घ्यावे, झोपण्याआधीचे दोन तास तेवढे सांभाळावे. संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवून पडले तर पायांत साचलेले पाणी झोपेच्या आधीच लघवीवाटे निघून जाते.

व्यायामाविषयी सांगायचे तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामांना ज्यांचे नाव मिळाले त्या अमेरिकेच्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी आपली पद्धत १९४८ मध्ये मांडली. आपल्याकडे मूलबंध करणाऱ्याला ही क्रिया समजायला वेळ लागत नाही. वात सरू नये म्हणून आपण जे आवळतो ते आवळून धरायचे, वर ओढल्यासारखे करायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ आकुंचने, आणि किमान ३ महिने एवढी चिकाटी लागते. पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून बहुतेक जणी सोडून देतात, तिथे घरातल्या माणसाची खरी गरज असते. आणि घाईची कळ आली की धावू नये. जागच्या जागी थांबून पाच-सहा वेळा झटपट आवळावे, कळ ओसरू द्यावी, मग चालत जावे. धावण्याने गळते आणि पडण्याचीही भीती असते. रात्री अंधारात घाईने उठून पडलेल्या आणि खुब्याचे हाड मोडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. शौचालय परसात असेल आणि आजी नऊवारी नेसत असतील, तर काष्टा सोडायला लागणारा वेळ आणि वाटेतल्या पायऱ्या यांचाही विचार करावा. काही वेळा मूत्राशय धड असते, वाटच लांब असते.

पुण्याचे ७९ वर्षांचे वाचक:

शिक्षिका बाईंच्या सांगण्यातली एक गोष्ट मला पटली नाही, म्हणून संकोच सोडून लिहितो. सावकाश बोलावे हे खरे, पण फार सावकाशही बोलू नये.

पाच वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे माझी ग्रंथी काढावी लागली. शस्त्रक्रियेनंतर काही महिने लघवी गळू शकते हे मला आधी सांगितले होते, पण ते ऐकताना माझे सारे लक्ष कर्करोगाकडे होते. घरी आल्यावर उठताना, बसताना, जिना उतरताना पायजमा ओला होऊ लागला. घरात मुलगा, सून, दोन नाती आहेत आणि सगळे प्रेमळ आहेत. कुणी काही विचारले नाही. माझा मान राखण्यासाठी विचारले नाही, हे मला आज कळते. तेव्हा मात्र मी असा अर्थ काढला की यांना माझी किळस येत असणार, आणि ती दिसू नये म्हणून ही माणसे बोलत नाहीत. गप्प राहणाऱ्याच्या मनात काय आहे हे समोरच्याला कळत नाही, आणि लाजलेला माणूस त्या गप्पपणात नेहमी वाईट तेच वाचतो.

मी सकाळच्या कट्ट्यावर जाणे सोडले. पत्नीच्या खोलीतून माझी गादी दिवाणखान्यात हलवली आणि रात्री टीव्ही पाहायचा असतो असे कारण दिले. ५१ वर्षांच्या संसारात आम्ही वेगळे झोपलो नव्हतो. तिला वाटले की मी आजारामुळे चिडलो आहे. एकदा मुलाने सद्भावनेने मोठ्यांच्या डायपरचे पुडके आणले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले, तेव्हा घरात पाहुणे होते. त्या दिवशी जगण्यात काही अर्थ उरला नाही असे माझ्या मनात आले होते, हे मी प्रथमच कुठे लिहितो आहे. पुरुषाला हे सांगायला जागाच नसते. बायका निदान बाळंतपणाच्या निमित्ताने शरीराविषयी आपसांत बोलतात. आम्ही कट्ट्यावर रक्तदाबाचे आकडे सांगतो, मोतीबिंदूचे सांगतो, पण याविषयी कुणी तोंड उघडत नाही.

शेवटी पत्नीनेच एका रात्री दिवाणखान्यात येऊन विचारले, "ओले होते म्हणून इकडे झोपता का?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "मग मेणकापड घालू, त्यात काय?" आणि माझी गादी उचलून आत घेऊन गेली. पुढे व्यायाम केले, वर्षभरात गळणे पुष्कळ कमी झाले, पूर्ण थांबले नाही. पण मी माणसांत परत आलो तो त्या रात्री, व्यायामांना सुरुवात होण्याच्याही आधी. म्हणून ताई, योग्य वेळेची वाट पाहत दोन-तीन महिने घालवू नका, ही विनंती.

रत्नागिरीची मुलगी:

माझे वडील स्मृतिभ्रंशाने आजारी होते, म्हणून आमची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल. त्यांच्याशी बोलून, समजावून काही साधत नव्हते. मोरी कुठे आहे हेच ते विसरत. मी दार उघडे ठेवून आत रात्रभर दिवा लावू लागले आणि दर दोन तासांनी स्वतःच "चला अण्णा, पाय मोकळे करू" म्हणून त्यांना नेऊ लागले. ते सदऱ्याची टोके ओढू लागले, खोलीत फेऱ्या घालू लागले की वेळ झाली हे मला कळे. एकदा दोन दिवसांत अचानक सारे बिघडले तेव्हा तो आजार वाढल्याचा परिणाम समजून मी खचले होते. लघवीत जंतुसंसर्ग झालेला निघाला.

एका पहाटे तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांच्यावर ओरडले. दहा मिनिटांत ते घडलेले सर्व विसरले, पण दिवसभर माझ्याकडे पाहून आक्रसून बसले. प्रसंग विसरला गेला तरी त्यातला अपमान त्यांच्या अंगात तसाच राहिला होता. मी तेव्हा सलग चार महिने रात्रीची झोपलेली नव्हते, हे कारण आहे, समर्थन नाही. सांभाळणाऱ्याने थकण्याआधी मदत मागावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, घरातली माणसेही त्यावर बोलू शकतात. मला तो फार उशिरा कळला.

वाईची सून:

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. आपणा सर्वांची उत्तरे मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. पुण्याच्या काकांचे उत्तर संपल्यावर ते उठून बाहेर गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "उद्याच बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी सोप्यात पावटा सोलत बसलो होतो. धाकट्याच्या वेळेनंतर मला वर्षभर शिंकताना जो त्रास होत असे तो खराच होता, तोच मी सांगितला आणि विचारले, "आई, तुम्हाला असे काही होते का?" त्यांचे हात थांबले नाहीत. तीन-चार शेंगा सोलून झाल्यावर, मान वर न करता त्यांनी विचारले, "तुला वास येत होता का?" शिक्षिका बाई, आपण लिहिलेला शेवटचा प्रश्न त्यांचा पहिला होता. मी खरे तेच सांगितले की अंगाला कधीही आला नाही. मग त्या रडल्या, आणि मग बोलू लागल्या.

त्यांना लाज होतीच, पण तिच्याही खाली मोठी भीती होती, आणि ती मला २३ वर्षांत कधी कळली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंना अखेरच्या वर्षी हाच त्रास झाला होता. तेव्हा त्यांना मागच्या पडवीत बाज टाकून दिली होती. जेवणाचे ताट उंबऱ्यावर ठेवले जाई आणि मुले आजीजवळ जायला तयार नसत. आई तेव्हा या घरात नवीन होत्या. ताट ठेवणाऱ्या त्याच होत्या. "मी पण नाकाला पदर लावत होते गं," त्या म्हणाल्या. आपल्यालाही एक दिवस ती पडवी मिळणार, आणि ती मिळणे न्यायाचेच होईल, असे त्या वर्षभर मनाशी धरून होत्या. यावर मला काही उत्तर सुचले नाही. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि उरलेला पावटा आम्ही तसाच सोलला.

साताऱ्याला डॉक्टरांकडे गेलो. लघवीत संसर्ग होता, बद्धकोष्ठ होते, आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री जेवणानंतर घेत होत्या. ती आता सकाळी घेतात. साखर ठीक आहे. परसाच्या वाटेवर यजमानांनी दिवा लावला आणि तीन पायऱ्यांना कठडा बसवला. रात्रीसाठी कमोडची खुर्ची आणली आहे, पण ती खोलीत ठेवायला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. रात्री चार-पाच वेळा उठावे लागत असे, आता दोनदा उठतात. गळणे थांबलेले नाही. लुगड्याच्या पट्ट्या गेल्या, पॅड आले, आणि धुतलेले सर्व कपडे आता सर्वांच्या कपड्यांबरोबर अंगणातल्या दोरीवर वाळतात. पूजा अजून मीच करते. मात्र वाती वळणे आणि फुले निवडणे त्यांनी पुन्हा हाती घेतले आहे, आणि मी फुले उलटसुलट वाहिली की उंबऱ्याबाहेरून सांगतात.

परवाच्या गुरुवारी त्या भजनाला आल्या. दाराजवळ बसल्या, मी शेजारी होते. मध्येच एकदा त्या उठून बाहेर गेल्या आणि मला वाटले की आता घरीच जातील. त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी टाळ उचलले.

नाशिकच्या ताईंना एक विचारायचे आहे. व्यायाम करताना आई श्वास कोंडून धरतात आणि पोट आत ओढतात, त्यामुळे नक्की जे आवळायचे ते आवळले जाते की नाही, हे त्यांना उमगत नाही. काय करावे?

नाशिकची भौतिकोपचारतज्ज्ञ:

सुरुवातीला असे बहुतेकींचे होते. त्यांना उताणे, गुडघे वाकवून झोपवा आणि एक हात पोटावर ठेवायला सांगा. पोट मऊच राहिले पाहिजे. श्वास कोंडू नये यासाठी मनात न मोजता मोठ्याने मोजायला सांगा, कारण बोलत असताना श्वास कोंडता येत नाही. आकडे मोजण्याचा कंटाळा येत असेल तर आवळून धरलेल्या वेळात सावकाश तीनदा 'विठ्ठल' म्हणावे आणि सैल सोडल्यावर तेवढ्याच वेळ थांबावे. तीनदा म्हणेपर्यंत धरवत नसेल तर एकदाच म्हणावे, दर आठवड्याला एक वाढवावे. लघवी करताना मध्येच धार रोखून हा व्यायाम करू नये, एवढे मात्र सांभाळा. आणि महिन्यातून एकदा त्यांना इथे काय लिहायचे ते विचारा, त्यांच्या शब्दांत आपण लिहा.